पुंगळीचा रकाना

आमच्या घराण्यात बंदुकीला जेवढा मान आहे, तेवढा पदवीला कधी मिळाला नाही. बंदूक आजोबांच्या वेळची, एकनळी, बारा बोरची. पदवी माझी, बी.एस्सी., घराण्यातली पहिली. निफाडकडच्या आमच्या घरी पाहुणे आले की काका त्यांना बंदूक दाखवायला न्यायचे आणि मला चहा टाकायला सांगायचे. मी टाकायचे. पण कपबशा विसळताना मनात म्हणायचे, मिरवा. लिहायची वेळ आली की माझ्याकडेच याल.

आणि आलेच.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. परवाना त्यांच्या नावावर, पीक संरक्षणासाठीचा. नदीकडच्या उसात आणि मक्यात रानडुकरं शिरतात, त्यांना हुसकवायला हवेत बार काढायचा, एवढंच त्या बंदुकीचं काम. दादांनी आयुष्यात कशावर नेम धरल्याचं मला माहीत नाही. तिला तेल द्यावं, नळीतून चिंधी फिरवावी, पुसून ठेवून द्यावी. ती आधी भिंतीला खुंटीवर असायची, येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाताला येईल अशी. लोखंडी कपाट आणि त्याला कुलूप, हे मी भांडून करून घेतलं. दादांनी ते ऐकलं. पण कागद पुढे आला की दादा गप्प होतात. चौथी शिकलेला माणूस; सही करतात तीसुद्धा जमीन नांगरल्यासारखी, जोर लावून.

आठ वर्षांपूर्वी त्यांच्याबरोबर नाशिकला काडतुसांच्या दुकानात गेले होते. दुकानदार म्हातारा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यानं परवान्याचं पुस्तक उघडलं, स्वतःचं जाडजूड रजिस्टर उघडलं, आणि विचारलं, "मागच्या वेळी नेलेली किती वाजली? पुंगळ्या आणल्या का?"

पुंगळी म्हणजे बार उडाल्यावर मागे उरतं ते रिकामं कवच.

दादा म्हणाले, "आसतील घरी कुठंतरी."

म्हाताऱ्यानं चष्म्यावरून आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ताई, तुम्ही शिकलेल्या दिसता," एवढंच म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच संध्याकाळी पंचवटीतल्या दुकानातून मी लाल कापडी पुठ्ठ्याची उभी वही घेतली. पहिल्या पानावर परवान्याचा क्रमांक, बंदुकीचा क्रमांक, मुदत कधी संपते ती तारीख. मग रकाने आखले: तारीख, आणली किती, वापरली किती, कशासाठी, पुंगळी, शिल्लक, सही. शेवटच्या पानांवर पावत्या चिकटवायच्या. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. ती जमा केल्याची आणि परत मिळाल्याची.

हे मी कुठून शिकले, तर नोकरीतून. नाशिकच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी प्रयोगशाळा सहायक आहे. आमच्याकडे परीक्षानळी फुटली तरी काचेचा तुकडा दाखवल्याशिवाय फुटल्याची नोंद होत नाही. मुलं म्हणतात, मॅडम, फुटली हो, देवाशप्पथ. मी म्हणते, देव राहू दे, काच आण.

काकांना माझ्या वहीची फार मजा वाटायची. काका म्हणजे दादांचे धाकटे भाऊ. घराचा पुढचा अर्धा भाग त्यांचा, मागचा आमचा. दर महिन्याच्या शेवटी मी गावी जाऊन काडतुसं मोजायला बसले की ते दारात उभे.

"काय मॅडम, आज डुकरांची हजेरी घेतली का? कोणी गैरहजर नाय ना?"

"सगळी हजर आहेत काका. तुमच्यासकट."

दादा हसू दाबायचे. काका मात्र मोठ्यानं हसायचे, कारण टोमणा आपल्याला होता हे त्यांना घरी जाऊन कळायचं.

त्यांच्या बैठकीत येणारी परवानाधारक मंडळी मी पुष्कळ पाहिली आहेत. माझं मत चांगलं नाही. ह्या लोकांना हत्यार हवं असतं ते कमरेला आणि फोटोत. परवाना मिळेपर्यंत जिवाला धोका असल्याचा अर्ज करतात आणि मिळाला की गावभर असे हिंडतात, की कोणाला धोका असलाच तर ह्यांच्यापासून. नातवाच्या बारशाला पिस्तूल लावून येणारा माणूस मी पाहिला आहे. बाळाला मांडीवर घेताना त्याला ते टोचायला लागलं, तर त्यानं काढून बायकोच्या पर्समध्ये दिलं. बायकोकडे परवाना आहे का, असं मी विचारलं तर म्हणतो, "तिच्याकडं आधार कार्ड हाय." आणि बैठक हसली. मुदत कधी संपते विचारा, सांगता येणार नाही. काडतुसं किती आहेत विचारा, "भरपूर हायेत." भरपूर हा आकडा नाही, हे ह्यांना कोणी शाळेत शिकवलं नसावं. शाळेत गेले होते म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी लग्नसराईत आमच्या गावी एक वरात निघाली. दादा आणि काका दोघंही जेवायला गेले होते. बंदूक कपाटात, किल्ली लग्नसराईपुरती मी काढून घेतलेली, माझ्या पर्समध्ये, मी नाशिकला. वरातीत कोणीतरी बार काढला. वर काढला म्हणे. पण काढणाऱ्याचा हात वर जायच्या आधीच घोडा ओढला गेला आणि छर्रे बँडवाल्याच्या दंडात घुसले. बँड थांबला. गर्दी पांगली. आणि बघता बघता कोणीच काही पाहिलेलं नव्हतं.

बँडवाला वाचला. पण त्याचा तो हात सनई धरायचा होता, एवढं मला दादांनी फोनवर सांगितलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी आसपासच्या पाच गावांतल्या बारा बोरवाल्यांना ठाण्यातून निरोप गेला: बंदूक, परवाना, काडतुसं, पुंगळ्या, सगळं घेऊन या. दादा त्या लग्नात हजर होते, बारा बोर त्यांच्याकडे होती. हिशेब जुळला नाही तर संशय त्यांच्यावर येणार, हे सांगायला वकील लागत नव्हता. सत्तरी ओलांडलेला माणूस. रात्रभर झोपला नव्हता, हे मला त्यांच्या टोपीवरून कळलं. ती त्यांनी उलटी घातली होती. मी एक दिवसाची रजा टाकली आणि वही घेतली.

ठाण्याच्या व्हरांड्यात बाकावर जी रांग बसली होती, तिचा मला आजही राग येतो आणि हसूही येतं. एकानं परवान्याचं पान लॅमिनेट करून आणलं होतं. हवालदार ते उलटंसुलटं करून म्हणाले, "आता ह्याच्यावर शिक्का मारायचा कसा? प्लास्टिकवर?" तो म्हणाला, "साहेब, पावसात भिजत व्हतं." हा माणूस गावात पुढारी म्हणून फिरतो. दुसऱ्याच्या परवान्याची मुदत संपून वर्ष उलटलं होतं; तो म्हणे आपलं ओळखीनं होतंय. तिसऱ्यानं काडतुसं आणली होती दुधाच्या पिशवीत, आणि ती किती आहेत हे तो तिथं बसून मोजत होता. दोनदा मोजली, दोनदा वेगळी आली.

मी दादांच्या शेजारी ताठ बसले होते. मांडीवर लाल वही. खोटं कशाला बोलू, मला त्या सकाळी थोडा आनंदच झाला होता. आता कळेल, असं वाटत होतं. काकांनाही कळेल.

हवालदारांनी वही उघडली आणि त्यांचा चेहरा बदलला. "कोणी लिहिली?"

"मी. बी.एस्सी. आहे मी." हे त्यांनी विचारलं नव्हतं.

त्यांनी बंदुकीचा क्रमांक ताडला. पावत्या पाहिल्या. शिल्लक काडतुसं मोजली; जुळली. पुंगळ्या मोजल्या, आणि मग त्यांचं बोट वहीवरून हळूहळू खाली सरकायला लागलं.

"मॅडम, हे काय? दसरा, एक वापरलं, पुंगळीच्या रकान्यात आडवी रेघ. पुढच्या वर्षी दसरा, एक, रेघ. परत रेघ. सहा दसरे, सहा रेघा. पुंगळ्या कुठंयत?"

दसऱ्याला आमच्याकडे शस्त्रपूजा होते. देवघर काकांच्या वाट्याला आलेलं, म्हणून बंदूक त्या दिवशी पुढच्या घरात जाते. सोबत दादा जातात, ह्या अटीवर मी ते चालू दिलं होतं. पाटावर बंदूक, तिच्यापुढे पाच काडतुसं, झेंडू, आपट्याची पानं. आजोबांच्या वेळी सीमोल्लंघनाला एक बार काढायचे. महिन्याच्या शेवटी मी जाऊन मोजायचे तेव्हा दर वर्षी एक कमी. "दसऱ्याचा वाजवला ना?" मी विचारायचे. दादा "हां" म्हणायचे. मी लिहायचे.

पुंगळी मी कधी मागितली नव्हती. अठरा वर्षांच्या पोराकडून परीक्षानळीची काच मागणारी मी.

"सापडत नसतील," मी म्हणाले. माझाच आवाज मला त्या दुधाच्या पिशवीवाल्यासारखा वाटला.

हवालदार वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "वही नसती तर मला ही सहा कळलीसुद्धा नसती. पण आता दिसली ना. दोन दिवस देतो. पुंगळ्या आणा, नाहीतर कुठं गेली ते लेखी द्या. दादा लग्नात व्हते, हे विसरू नका." बंदूक त्यांनी ठेवून घेतली आणि पावती दिली. रांगेतला लॅमिनेशनवाला माझ्याकडे बघून मिशीत हसला. तेवढं मी सहन केलं.

घरी आलो तर काका तयारच.

"सहाच ना? त्यात काय रडायचं! माझ्या ओळखीत एकजण हाय, त्याच्याकडं पोतंभर पुंगळ्या पडल्यात. सहा आणतो. मातीत घोळतो. झालं तुझं जुनं रेकॉर्ड."

"दुसऱ्याच्या बंदुकीच्या?"

"पुंगळीवर काय नाव लिव्हलेलं असतं व्हय?"

"घोड्याची खूण असते काका. टाचणीनं टोचल्यासारखी. प्रत्येक बंदुकीची वेगळी. हे पोलिसांना माहीत असतं आणि तुम्हाला नसतं, म्हणून पोलीस तुम्हाला बोलावतात."

"लय शानी हे तुही लेक," काका दादांना म्हणाले. "हिच्या वहीनंच तुला गोत्यात आणलं. वही नसती तर कोणी विचारलं असतं का?"

हवालदारही तेच म्हणाले होते. मी दादांसमोर खाली बसले.

"दादा, दसऱ्याला बार काढता का नाही?"

दादांनी टोपी काढली. "नाय."

"मग हां का म्हणायचात?"

"तू लिव्हायच्या घाईत आसायची. हां म्हटलं का तू लिव्हून मोकळी. नाय म्हटलं आसतं तर तू चार प्रश्न इचारले आसते."

"आणि काडतूस?"

त्यांनी पुढच्या घराकडे नुसती मान वळवली. काकू दारातच उभ्या होत्या. सगळं ऐकत होत्या. आत गेल्या आणि देव्हाऱ्यामागून पितळी डबा घेऊन आल्या. त्यात नवरात्रातल्या सुपाऱ्या होत्या, सुकलेला झेंडू होता, तांदूळ होते. आणि त्या तांदळात, हळदीकुंकवानं माखलेली, एकेका वर्षाची, काडतुसं उभी रोवून ठेवलेली.

"पाचातलं एक देवाचं आसतंय," काकू म्हणाल्या. "सासूबाईंनी जायच्या साली घालून दिलंय. ज्याला कुंकू लावलं, त्यानं कुणाच्या अंगावर जायचं नाय. दर साली मीच काढून घेते. तुह्या बापाला ठावं हाय."

"आणि मला?"

"तू काडतुसं मोजती, देव कुठं मोजती?" त्या भांडायला नव्हत्या आल्या. खरंच त्यांना तसं वाटत होतं.

जिवंत काडतुसं. समईच्या शेजारी. बिनापरवान्याच्या घरात, निरांजनापासून हातभर अंतरावर, सहा सहा वर्षं. आणि काकूंच्या चेहऱ्यावर एखादी वस्तू नीट जपल्याचं समाधान! मी तोंडाला येईल ते बोलले. अडाणीपणा, अंधश्रद्धा, स्फोट, तुरुंग, सगळं. काकू ऐकून घेत डब्यातले तांदूळ निवडत राहिल्या. बोलून दमले तेव्हा मी मोजायला घेतली. सहा झाली. डब्यात अजून होती.

नऊ.

वहीच्या आधीचीही तीन होती. वही सुरू केली त्या दिवशी मी घरात होती तेवढी काडतुसं मोजून पहिली शिल्लक लिहिली होती; परवान्याच्या पुस्तकातल्या आधीच्या खरेदीशी ती ताडून पाहावी, हे मला सुचलं नव्हतं.

काकांनी एक क्षणही घेतला नाही. "सहा ने. तीन देऊन टाक कॅनॉलला. वहीत नाहीत ना? मग नाहीतच."

पहिल्यांदा काका माझ्या वहीचा आधार घेऊन बोलत होते. आणि सांगायला लाज वाटते, पण ते मला क्षणभर पटलं. सहा मागितली, सहा मिळाली, वही जुळली. तीन जास्तीची नेली तर पहिल्या पानापासून वही चुकीची, आणि ते माझ्याच सहीनं. मी वहीकडे बघत राहिले. खूप सुंदर वही होती. एक खाडाखोड नाही.

"कॅनॉलला पोरं पोहत्यात," दादा म्हणाले.

तेवढंच. मग त्यांनी टोपी घातली, ह्या वेळी सरळ. "नऊ हायेत तर नऊ ने, माय. जे हाय ते हाय."

दुसऱ्या दिवशी ठाण्यात मी टेबलावर डबा ठेवला. हवालदारांनी झाकण उघडलं आणि त्यांचा हात आपोआप छातीकडे गेला, देवासमोर जातो तसा. मग त्यांना आपण कुठं आहोत ते आठवलं. "हे काय आणलं?"

मी सांगितलं. नऊ म्हणून सांगितलं. अक्षरांवरचं कुंकू पुसून त्यांनी एकेक तपासलं. सगळी न उडालेली. म्हणजे दसऱ्याची म्हणून गेलेली सहाही वरातीत वाजलेली नव्हती, हे तिथल्या तिथं सिद्ध झालं. पण वहीतल्या नोंदी खोट्या होत्या, हेही झालं. त्यांनी मला पेन दिलं. "प्रत्येक नोंदीवर एक रेघ मारा, वाचता आली पाहिजे, बाजूला खरं लिहा, सही करा. आणि खाली कारण."

सहा वेळा रेघ मारली. सहा वेळा लिहिलं, "वापरले नाही, देवघरात." पहिल्या पानावर तीन वाढवली. कारणाशी थांबले. दादांना लिहिता येत नाही म्हणून लिहिलं असतं तर खपलं असतं. काकू अडाणी म्हणून लिहिलं असतं तर तेही खपलं असतं. मी लिहिलं, "मी न पाहता लिहिले." खाली नाव, आणि सवयीनं पुढे बी.एस्सी. लिहायला गेले, ते मात्र नाही लिहिलं.

बार कोणी काढला, तेही त्याच आठवड्यात कळलं. तो लॅमिनेशनवाला. कोणी साक्ष दिली नाही, फितूर झालं नाही. बार काढतानाचा आपला व्हिडिओ त्यानं स्वतःच मोबाईलच्या स्टेटसला ठेवला होता, वर गाणं लावून. बँडवाला कळवळतो तिथून पुढचं कापलं होतं, एवढीच अक्कल. कोणीतरी तो उतरवून घेतला होता. त्या माणसानं आयुष्यात ठेवलेली ती एकमेव नोंद, आणि तीही चोवीस तासांत पुसली जाईल ह्या भरवशावर.

दादांवरचा संशय गेला. परवान्याचं मात्र अडलं. काडतुसं दुसऱ्याच्या ताब्यात दिली म्हणून खुलासा मागवला, आम्ही दिला, नूतनीकरणाचा निर्णय अजून यायचा आहे. बंदूक ठाण्यातच आहे. दादा मक्यात पत्र्याचे डबे बांधून वाजवतात. डुकरांना फरक पडलेला दिसत नाही. काका म्हणतात, घराण्याची अब्रू ठाण्यात पडली आहे. मी म्हणते, कुलपात आहे, आणि तिची पावती आहे. घराण्याच्या बाकीच्या अब्रूची तर तेवढीही सोय नाही.

गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी काकूंचा फोन आला. पाटावर मांडायला काहीच नाही, पाट मोकळा बरा दिसत नाही, ती पावती तरी दे.

मी नेऊन दिली. सकाळी त्यांनी तिला हळद लावली, कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, आणि बरोबर ठाण्याच्या शिक्क्यावर बोटानं स्वस्तिक काढलं. शिक्का गेला. दादांनी घाबरून माझ्याकडे पाहिलं.

"असू द्या," मी म्हणाले. "झेरॉक्स आहे."